गर्भधारणेच्या आरंभीचा अल्प रक्तस्राव : समज, गैरसमज आणि दक्षता

आरोग्य उपकेंद्रात एखाद्या गर्भवती स्त्रीची नोंद होते, त्या वेळी नाव, वय आणि गाव विचारून झाल्यावर आरोग्यसेविका एक प्रश्न हमखास विचारते : ‘शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली होती ?’ प्रश्न वरकरणी साधा आहे. परंतु पुढील नऊ महिन्यांचा सारा हिशेब या एका तारखेवर उभा असतो. गर्भ किती आठवड्यांचा, कोणती तपासणी केव्हा करावयाची, प्रसूती कोणत्या सुमारास अपेक्षित आहे, हे सर्व त्या तारखेवरून ठरते.

नेमक्या याच तारखेच्या बाबतीत एक चूक पुष्कळदा घडते. गर्भ राहिल्यानंतरही काही स्त्रियांना पाळीच्या सुमारास थोडासा रक्तस्राव होतो. कपड्याला डाग लागतो, दीड-दोन दिवसांत तो थांबतो आणि ‘या खेपेला जरा कमीच गेले’ असे म्हणून ती स्त्री तो विषय मनाआड करते. रक्त दिसले म्हणजे पाळी आली आणि पाळी आली म्हणजे दिवस गेलेले नाहीत, ही आपल्या घराघरांतील पक्की समजूत आहे. ती पुष्कळ वेळा खरी ठरते. पण नेहमीच नव्हे.

एका उपकेंद्रास भेट देण्याचा प्रस्तुत लेखकास योग आला होता. एक तरुण स्त्री सासूबाईंसह नोंदणीसाठी आली होती. तारखेचा प्रश्न निघताच सासूबाईंनीच उत्तर दिले, ‘नागपंचमीला कावळा शिवला होता तिला.’ अनुभवी आरोग्यसेविकेने लेखणी उचलली नाही. तिने त्या मुलीकडे वळून विचारले, ‘ताई, नेहमीसारखी आली होती का ? किती दिवस राहिली ?’ मुलगी हळूच म्हणाली, ‘एकच दिवस. नुसता डाग होता.’ ‘मग त्याच्या आधीची ?’ ‘आषाढी एकादशीच्या आधी चार दिवस. एकादशीला मी मोकळी झाले होते, देवळात गेले होते.’ आरोग्यसेविकेने दिनदर्शिका काढून मागची पाने चाळली आणि नागपंचमीची नव्हे, तर त्याआधीची तारीख लिहिली. दोन प्रश्न अधिक विचारल्यामुळे जवळजवळ चार आठवड्यांची चूक टळली. हे दोन प्रश्न कशासाठी विचारावयाचे, याची माहिती गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकास असावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

शरीरात घडते काय ?

साधारणतः अठ्ठावीस दिवसांच्या ऋतुचक्रात चौदाव्या दिवसाच्या आसपास अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडते. पुरुषबीजाशी त्याचा संयोग गर्भाशयात होत नाही. तो गर्भनलिकेत होतो. फलित झालेले बीज वाढत वाढत पाच-सहा दिवसांत गर्भाशयात उतरते. तेथील अस्तर त्या वेळी मऊ झालेले आणि रक्ताने पुष्ट असते. या अस्तरात बीज रुजते आणि त्याच्याभोवती पुढे वार तयार होते.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९८२ ते १९८५ या काळात स्त्रियांच्या दैनंदिन मूत्रनमुन्यांवर आधारित एक अभ्यास करण्यात आला. त्यावरून १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, टिकून राहिलेल्या १४१ गर्भधारणांपैकी ८४ टक्क्यांमध्ये स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी बीज रुजले होते. म्हणजे पुढची पाळी अपेक्षित असते तिच्या चार ते सहा दिवस आधी ही क्रिया बहुधा पूर्ण होते.

बीज अस्तरात शिरताना तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या उकलतात. म्हणून या वेळी थोडे रक्त बाहेर दिसत असावे, असा तर्क फार पूर्वीपासून केला गेला. त्यातूनच ‘गर्भ रुजण्याचा रक्तस्राव’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. पुस्तकांतून आणि डॉक्टरांच्याही तोंडी तो आजही आढळतो. त्याच अभ्यासाच्या नोंदी पुन्हा तपासून २००३ मध्ये या तर्काची परीक्षा घेण्यात आली. १५१ गर्भवती स्त्रियांपैकी १४ जणींना, म्हणजे सुमारे ९ टक्के स्त्रियांना, पहिल्या आठ आठवड्यांत किमान एक दिवस रक्तस्राव झाला होता. तो पाळी यावयाच्या सुमारास दिसला. बीज रुजण्याच्या दिवशी तो क्वचितच होता. म्हणून ‘रुजण्यामुळेच रक्त जाते’ या समजुतीस त्या अभ्यासाने आधार दिला नाही. मात्र त्या १४ जणींपैकी १२ जणींची गर्भधारणा शेवटास जाऊन त्यांना जिवंत मूल झाले, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे.

गर्भधारणेच्या पहिल्या तीन महिन्यांचा एकत्र विचार केला, तर साधारणतः चारपैकी एका गर्भवतीस केव्हातरी थोडाफार रक्तस्राव होतो, असे वैद्यकीय अनुभव सांगतो. त्याची कारणे अनेक आहेत. संप्रेरकांच्या प्रमाणात होणारा बदल, वारेच्या कडेस थोडे रक्त साचणे, गर्भाशयमुखाकडे वाढलेला रक्तपुरवठा आणि त्यामुळे शरीरसंबंधानंतर किंवा तपासणीनंतर पडणारा डाग, तेथील जंतुसंसर्ग, ही त्यांपैकी काही होत. तेव्हा डाग दिसला एवढ्यावरून गर्भ आहे असेही म्हणता येत नाही, गर्भ नाही असेही म्हणता येत नाही, आणि गर्भ असल्यास तो गेला असेही म्हणता येत नाही. डाग हा निकाल नव्हे. ती तपासणी करून घेण्याची सूचना आहे.

पाळी आणि डाग

पाळीचे रक्त सामान्यतः पहिल्या दिवशी कमी, दुसऱ्या दिवशी अधिक आणि नंतर कमी होत जाते. ते लाल असते, त्यात कधी गाठी असतात आणि ते तीन ते पाच दिवस, काहींना सात दिवसांपर्यंत राहते. गर्भधारणेच्या आरंभी दिसणारा अल्प रक्तस्राव बहुधा फिकट गुलाबी किंवा तपकिरी असतो. घडी बदलावी लागेल इतका तो क्वचितच असतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत थांबतो आणि त्यात गाठी नसतात. त्याबरोबर छाती जड वाटणे, सकाळी मळमळणे, थकवा येणे, लघवीस वारंवार जावे लागणे ही लक्षणे असतील, तर गर्भधारणेची शक्यता अधिक मानावी.

तथापि हा भेद ढोबळ आहे. काही स्त्रियांची पाळी मुळातच अल्प असते. अंगावर पाजणाऱ्या मातेस, तांबी बसविलेल्या स्त्रीस, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीस किंवा पाळी जाण्याच्या वयास पोचलेल्या स्त्रीस अनियमित डाग दिसू शकतात. छाती जड होणे आणि थकवा ही लक्षणे पाळीपूर्वीही असतात. केवळ रंग आणि प्रमाण पाहून घरातील वडीलधाऱ्या बाईने निर्णय देणे म्हणूनच विश्वसनीय नाही.

खात्रीचा मार्ग

बीज रुजल्यानंतर गर्भाच्या बाह्य पेशींतून एक विशिष्ट संप्रेरक स्रवू लागते. ते रक्तात आणि तेथून मूत्रात उतरते. मूत्रचाचणी याच संप्रेरकाचा शोध घेते. आशा स्वयंसेविकांकडे ‘निश्चय’ या नावाचा चाचणी संच असतो आणि औषधांच्या दुकानांतही असे संच अल्प किमतीत मिळतात. सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या भांड्यात घ्यावी, संचावरील सूचनेप्रमाणे तिचे थेंब टाकावे आणि सांगितलेला वेळ थांबावे. एक रेषा उमटली तर गर्भधारणा आढळली नाही. दोन रेषा उमटल्या तर ती आहे. एकही रेषा उमटली नाही किंवा केवळ चाचणीची रेषा उमटून नियंत्रण रेषा उमटली नाही, तर संच सदोष समजून नव्याने चाचणी करावी.

ही चाचणी पाळी चुकल्याच्या दिवसापासून उपयोगी पडते. त्याआधी केली तर संप्रेरकाचे प्रमाण कमी असल्याने ती फसवी ठरू शकते. पाळीच्या तारखेस नुसता डाग दिसला आणि नेहमीसारखी पाळी आली नाही, तर काही दिवसांनी चाचणी करावी. ती नकारार्थी आली आणि तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करावी. चाचणीऐवजी ‘पाळी आणण्याच्या’ गोळ्या घेऊन पाहण्याची एक जुनी आणि घातक पद्धत आहे. या कामी वापरल्या जाणाऱ्या तीव्र मात्रेच्या संप्रेरकयुक्त गोळ्यांवर आपल्या देशात १९८८ मध्ये बंदी घालण्यात आली. साध्या मूत्रचाचणीने काही मिनिटांत उत्तर मिळत असता कोणत्याही औषधाने उत्तर शोधण्याचे आता कारण उरलेले नाही.

तारीख चुकली तर

प्रसूतीची अपेक्षित तारीख काढण्याची सोपी रीत जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने ओळखली जाते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवावयाचे. समजा, एका स्त्रीची पाळी १० जूनला आली होती. तिची प्रसूती १७ मार्चच्या सुमारास अपेक्षित धरली जाईल. पण ८ जुलैला दिसलेला डाग तिने पाळी म्हणून सांगितला, तर तीच तारीख १५ एप्रिल होईल. कागदावर २९ दिवसांचा फरक पडला.

या फरकाचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. फेब्रुवारीअखेर कळा सुरू झाल्या तर त्या फार अकाली समजून धावपळ होईल. वस्तुतः दिवस जवळजवळ भरलेले असतील. उलट मार्चअखेर दिवस उलटून गेले असता ‘अजून वेळ आहे’ म्हणून सर्वजण स्वस्थ बसतील, आणि दिवस उलटलेल्या गर्भास तो वेळ धोक्याचा असतो. गर्भातील व्यंग शोधण्यासाठी अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान करावयाची सोनोग्राफी महिनाभर उशिरा होईल.

कायद्याच्या दृष्टीनेही आठवडे महत्त्वाचे आहेत. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार वीस आठवड्यांपर्यंत एका आणि विशिष्ट प्रवर्गांतील स्त्रियांसाठी वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकांचे मत आवश्यक असते. गोळ्यांद्वारे गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच करता येतो. प्रत्यक्षात बारा आठवडे झालेल्या स्त्रीने आपणास आठच झाले असे समजून, वैद्यकीय सल्ल्याविना गोळ्या आणून घेतल्या, तर अतिरक्तस्रावाचा धोका पत्करला जातो. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांपर्यंत सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली. त्यांपैकी आठ आठवड्यांपर्यंतची रजा अपेक्षित प्रसूतीपूर्वी घेता येते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेच्या अर्जातही शेवटच्या पाळीची तारीख मागितली जाते. म्हणजे आरोग्यपत्रिकेवरील ही एक नोंद स्त्रीच्या आरोग्याशी, रजेशी आणि साहाय्याशी निगडित आहे.

आणखी एक परिणाम आहे, तो कोणत्याही रजिस्टरात दिसत नाही. पाळी आली असे समजणारी स्त्री पहिले मोलाचे आठवडे अजाणता घालविते. गर्भाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो. याच काळात फॉलिक आम्लाच्या गोळीचा सर्वाधिक उपयोग असतो आणि याच काळात तंबाखूची मिश्री, मनाने घेतलेली औषधे व क्ष-किरण टाळावयाचे असतात.

तारखेविषयी शंका असेल तर ती लपवू नये. पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीने गर्भाचे वय थोड्या दिवसांच्या फरकाने कळते. पुढे मात्र ही अचूकता कमी होत जाते. म्हणून शंका आरंभीच बोलून दाखविणे हिताचे. सोनोग्राफीचा उपयोग गर्भलिंग पाहण्यासाठी करणे हा गुन्हा आहे. अशा चाचण्यांना आळा घालणारा कायदा १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. या कायद्याच्या धास्तीने आवश्यक सोनोग्राफी टाळण्याचे मात्र कारण नाही. वय, जागा आणि हृदयाचे ठोके पाहण्यासाठी ती रीतसर करता येते.

सर्वच डाग निरुपद्रवी नसतात

आतापर्यंतच्या विवेचनावरून अल्प रक्तस्राव म्हणजे काळजीचे कारणच नाही, असा ग्रह होऊ नये. त्याची दुसरी बाजू गंभीर आहे.

काही वेळा हा डाग गर्भपाताची पूर्वसूचना असतो. आरंभीच्या काळात आपोआप होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांत मूळचाच दोष असतो. असा गर्भ टिकविणे कोणाच्याही हाती नसते. ‘विहिरीवरून घागर आणली म्हणून’, ‘अमुक खाल्ले म्हणून’, ‘कोणाची नजर लागली म्हणून’ असे बोल त्या स्त्रीस लावणे हा तिच्यावर अन्याय आहे. अंथरुणास खिळून राहिल्याने गर्भपात टळतो, यासही शास्त्रीय आधार मिळालेला नाही. पूर्वी गर्भपात झालेल्या आणि पुन्हा रक्तस्राव होत असलेल्या काही स्त्रियांस विशिष्ट संप्रेरकाचा उपयोग होतो. पण तो द्यावा की नाही, हे डॉक्टरांनी तपासून ठरवावयाचे असते. गावातील कोणाकडून तरी ‘गर्भ टिकण्याचे इंजेक्शन’ टोचून घेणे सर्वथा टाळावे. कायद्यानुसार गर्भपात झालेल्या कामगार स्त्रीस सहा आठवड्यांच्या सवेतन रजेचा हक्क आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते.

क्वचित वार द्राक्षांच्या घोसासारखी विकृत वाढते. त्यास द्राक्षगर्भ म्हणतात. रक्तस्रावाबरोबर अतिशय उलट्या होणे आणि महिन्यांच्या मानाने पोट मोठे दिसणे ही त्याची लक्षणे असून, त्यावर रुग्णालयातच उपचार करावे लागतात.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे अस्थानी गर्भ, म्हणजेच जागा चुकलेला गर्भ. शंभर गर्भधारणांपैकी एक किंवा दोन गर्भाशयाबाहेर, बहुतेक वेळा गर्भनलिकेतच रुजतात. ही नलिका अरुंद असते. गर्भ वाढू लागताच सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास ती फुटू शकते. या प्रकारात बाहेर दिसणारे रक्त अगदी थोडे असते. खरा रक्तस्राव पोटात होत असतो. त्यामुळे ‘डागच तर आहे’ असे म्हणून घरी थांबलेली स्त्री काही तासांत मृत्यूच्या दारी पोचू शकते. १८८३ मध्ये बर्मिंगहॅम येथील शल्यचिकित्सक लॉसन टेट यांनी फुटलेल्या गर्भनलिकेवर यशस्वी शस्त्रक्रिया करून रुग्णाचे प्राण वाचविले. तोपर्यंत हे दुखणे बहुधा प्राणघातकच मानले जात असे. आज वेळेवर निदान झाले तर काही रुग्णांस केवळ औषधावर, इतरांस शस्त्रक्रियेने बरे करता येते. वेळ मात्र गाठावी लागते. ज्या स्त्रीस पूर्वी असा गर्भ राहिला असेल, ओटीपोटातील जंतुसंसर्ग किंवा जननेंद्रियांचा क्षयरोग झाला असेल, गर्भनलिकेची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा तांबी असताना दिवस गेले असतील, तिच्या बाबतीत अधिक सावध असावे. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आहे म्हणून गर्भ असूच शकत नाही, असे धरून चालू नये.

पुढीलपैकी एकही गोष्ट आढळली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे :

१. पोटात, विशेषतः ओटीपोटाच्या एका बाजूस, तीव्र किंवा वाढत जाणारी वेदना.
२. चक्कर, घेरी, दरदरून घाम, अंग गार पडणे किंवा खांद्याच्या टोकाशी दुखणे.
३. तासाभरात घडी भिजेल इतका रक्तस्राव, किंवा गाठी अथवा मांसासारखे तुकडे पडणे.
४. ताप येणे किंवा दुर्गंधीयुक्त स्राव जाणे.

डाग थोडा असेल आणि वरीलपैकी काहीही नसेल, तरी चाचणी सकारात्मक आल्यावर एक-दोन दिवसांत डॉक्टरांस दाखवावे. रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास तसे आवर्जून सांगावे. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका उपलब्ध आहे, आणि २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये शासकीय संस्थांत गर्भवतीस तपासण्या, औषधे, गरजेनुसार रक्त आणि वाहन विनामूल्य देण्याची तरतूद आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) देशातील ५२ टक्के गर्भवती स्त्रिया रक्तक्षयी आहेत. ज्या शरीरात मुळातच रक्त कमी, त्यास थोडे रक्त जाणेही महागात पडते.

मौनाची किंमत

ही माहिती अवघड नाही. अवघड आहे ते बोलणे. ‘अंगावरून जाणे’, ‘बाहेर बसणे’, ‘अडचण’ असे आडवळणाचे शब्द आपण या विषयासाठी योजतो. शब्द सौम्य असावेत, यात गैर काही नाही. परंतु त्या शब्दांआड दुखणेही दडून राहते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, लोकनिंदा सोसून, याच विषयांवर मराठीत लिहिले. त्यानंतर अनेक वर्षांनी डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांस स्त्रीरोगांपैकी एखादा तरी विकार आढळला. यापूर्वी त्यासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. विकार घरोघरी होते. वाच्यता मात्र झाली नव्हती.

रक्ताचा डाग दिसताच स्त्रीस वेगळे बसविण्याची रीत जेथे अद्याप आहे, तेथे धोका दुणावतो. गडचिरोलीच्या काही आदिवासी गावांत पाळीच्या दिवसांत स्त्रिया वस्तीबाहेरील ‘कुर्मा घरात’ राहतात. ज्या डागास तपासणीची गरज आहे, तो पाळी समजून स्त्रीस एकटीस ठेवले, तर तिला घेरी आली हे कळावयासही कोणी जवळ नसते. शहरी घरांत कुर्मा घर नसते. पण संकोच असतोच.

दुसरी रीत अधिक हळुवार आहे. तीन महिने पूर्ण होईपर्यंत दिवस गेल्याचे कोणास सांगू नये, तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरावी आणि मगच बातमी फुटू द्यावी, असा आपल्याकडील प्रघात. आरंभीचा गर्भ नाजूक असतो, हा अनुभव त्यामागे असणार. परंतु आरोग्ययंत्रणेची अपेक्षा बारा आठवड्यांच्या आत नोंदणीची आहे, आणि वर वर्णिलेले बहुतेक धोके याच बारा आठवड्यांतील आहेत. उपरोक्त पाहणीनुसार पहिल्या तीन महिन्यांत तपासणी झालेल्या मातांचे देशातील प्रमाण ७० टक्के होते. चोरओटी भरावी, शेजारीपाजारी सांगू नये, पण आशाताई आणि डॉक्टर यांच्यापासून चोरी असू नये.

कोणी काय करावे ?

ग्रामपंचायत सदस्यांनी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : आशाताईंकडे चाचणी संच शिल्लक आहेत काय, रात्री वाहन लागल्यास ते कोठून मिळेल, आणि सोनोग्राफी व शस्त्रक्रियेची सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते. या तीन प्रश्नांची उत्तरे पंचायतीच्या फलकावर लिहिलेली असावीत. पंचायतीतील महिला सदस्यांकडे गावातील स्त्रिया मोकळेपणाने बोलतात. त्यांचा या कामी मोठा उपयोग आहे.

शिक्षकांचे काम पायाभूत आहे. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ऋतुचक्राचा पाठ आहे. तो ‘घरी वाचून घ्या’ असे सांगून ओलांडला जाऊ नये. मुलांसमोर आणि मुलींसमोर तो सारख्याच गांभीर्याने शिकवावा. पाळीची तारीख लिहून ठेवण्याची सवय मुलींस याच वयात लावावी. घरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा आणि गॅसच्या टाकीचा हिशेब असतो. तेथेच एक छोटी खूण आणि किती दिवस गेले त्याचा आकडा, एवढे पुरे आहे. कायद्याने लग्नाचे वय होईपर्यंत ती मुलगी विद्यार्थिनी असते. पुढे तीच सवय तिच्या गरोदरपणात तिला उपयोगी पडेल.

अधिकाऱ्यांनी आपल्या कार्यालयापासून सुरुवात करावी. डाग दिसला म्हणून तपासणीस जाऊ इच्छिणाऱ्या स्त्री कर्मचाऱ्यास चारचौघांत कारण सांगावे लागू नये. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांत नव्याने गर्भवती झालेल्या स्त्रिया असतात. त्यांचे माता-बाल संरक्षण कार्ड त्यांच्याबरोबर जाईल आणि कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्र ते पाहील, याची व्यवस्था दोन्ही जिल्ह्यांच्या यंत्रणांनी आपसांत करावयास हवी. नोंदणी घेणाऱ्या प्रत्येकीस, तारीख लिहिण्यापूर्वी ‘नेहमीसारखी आली का ?’ आणि ‘किती दिवस राहिली ?’ हे दोन प्रश्न विचारण्याची सूचना द्यावी. उत्तर शंकास्पद असेल तर आधीच्या पाळीची तारीखही कार्डावर नोंदवावी. यास वेगळा निधी लागत नाही आणि वेगळे पदही लागत नाही.

घरातील पुरुषांविषयी स्वतंत्र सांगावयास हवे. रात्री गाडी बोलावण्याचा, पैसे काढण्याचा आणि तालुक्यास जाण्याचा निर्णय अजूनही बहुतेक घरांत त्यांच्या हाती असतो. धोक्याची चार लक्षणे त्यांस ठाऊक असतील, तर तो निर्णय वेळेवर होईल.

२०१८–२० या काळातील अधिकृत आकडेवारीनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण देशात ९७, तर महाराष्ट्रात ३३ होते. राज्याने बरीच मजल मारली आहे. उरलेले अंतर केवळ मोठ्या इमारतींनी आणि यंत्रांनी कापले जाणार नाही. ज्या उपकेंद्राचा उल्लेख आरंभी केला, तेथील त्या मुलीस पुढे सोनोग्राफीसाठी पाठविण्यात आले आणि आरोग्यसेविकेने लिहिलेली तारीखच बरोबर ठरली. निघताना सासूबाईंनी विचारले, ‘मग नागपंचमीचं ते काय होतं ?’ आरोग्यसेविका म्हणाली, ‘कधी कधी होतं तसं, आजी. पण झालं की लगेच सांगायचं.’ गावोगावी एवढे एक वाक्य पोचविणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.